पार्थेनियाबाईंना तिसरं बक्षीस

पार्थेनिया गूडबाईंचा आमच्या हार्मन्स फेरी गावाला फार अभिमान आहे. त्यांच्या कविता कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काळ्यांच्या शाळेत मास्तरीण असलेल्या या बाईंनी नदीकाठच्या आमच्या या ओहायोतल्या गावात बसून दोन पुस्तकं भरतील इतक्या कविता लिहिल्या. आपल्या लोकांच्या साप्ताहिकांत त्या छापूनही आल्या. आता चेस्टनट रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची दगडी पाटी आहे आणि तिला टेकवून पोरं सायकली लावतात. गावातल्या प्रत्येकाला त्यांची एक तरी कविता पाठ असते, पण पहिल्या चार ओळींपुरतीच. पाचव्या ओळीला सगळ्यांनाच खोकला येतो.

आमच्याकडे फक्त एकच बाई अशी आहे की जी पाचव्या ओळीला खोकत नाही, ती म्हणजे मिस आर्डेलिया टिस्डेल; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने मिस म्हणतात, लग्न झालेलं असलं तरी. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण निवृत्तीची ही बातमी त्यांच्या जिभेपर्यंत अजून पोचलेली नाही. माउंट पिस्गा चर्चचे पाद्री डोळे मिटून प्रार्थना सांगतात, पण एक डोळा किलकिला ठेवतात, तो देवासाठी नव्हे. दुसऱ्या बाकावर बसलेल्या मिस आर्डेलियांची भुवई वर गेली की पाद्रीबुवा वाक्य तिथेच सोडून थेट 'आमेन'वर येतात. लग्नात, बारशात, कुणाच्या मयतीला शोकसंदेश वाचला जात असतानासुद्धा त्या हळूच दुरुस्ती सुचवतात. हळूच म्हणजे तीन रांगांना ऐकू जाईल इतकंच.

पार्थेनिया गूड विद्यार्थी लेखन स्पर्धा त्यांनीच सुरू केली आणि नियमही त्यांनीच केले. परीक्षकांच्या नात्यातल्या मुलांना भाग घेता येणार नाही, असा नियम आधी होता. पण आमच्या गावात तो लावला तर स्पर्धेला एकटा टपालवाल्याचा मुलगा उरतो, आणि त्याला लिहिण्याची आवड नाही. मग नावं झाकून नुसते आकडे घालायचं ठरलं. दुसरा नियम मात्र मिस आर्डेलियांनी कधी हलू दिला नाही. पहिला आलेला लेख कार्यक्रमात मुलाने स्वतः वाचायचा, आणि तोही मुख्य परीक्षकांनी दुरुस्त करून दिलेल्या प्रतीतून. मुख्य परीक्षक कोण, हे सांगायला नको.

यंदा एप्रिल उजाडला तेव्हा मिस आर्डेलियांच्या मनात मात्र स्पर्धा नव्हती. त्यांच्या मनात त्यांची नात होती.

झारिया सोळा वर्षांची. आई योलांडा, म्हणजे मिस आर्डेलियांची लेक, डेट्रॉइटला इस्पितळात नर्स. तिच्या रात्रपाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिने पोरीला आजीकडे आणून सोडलं होतं, 'थोडे दिवस' म्हणून. त्या थोड्या दिवसांत पोर आजीपेक्षा उंच झाली. आता योलांडाला दिवसाची नोकरी मिळाली होती, दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, आणि तिने फोनवर सांगितलं होतं की शाळा संपली की झारियाने तिकडे यावं, पण बळजबरी नाही, तिने स्वतः ठरवावं. हे सांगून महिना झाला होता. झारिया काही बोलत नव्हती आणि आजी काही विचारत नव्हती.

"सरळ बस. पाठीला कुबड येईल," मिस आर्डेलिया नाश्त्याला म्हणायच्या.

"हो, मॅम," झारिया म्हणायची. खुशीत असली की ती 'आजी' म्हणे. 'मॅम' निघालं की समजायचं, आज हवा बरी नाही.

"डेट्रॉइटला थंडी फार असते."

"माहितीये मला."

"तुझा कोट आखूड झालाय. जायचं असेल तर नवा घ्यावा लागेल."

"जायचं असेल तर, हो ना?"

"मी फक्त कोटाबद्दल बोलतेय."

एवढंच. त्यापुढे मिस आर्डेलिया मक्याच्या लापशीवर लोणी घालत बसायच्या. नात जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. ती जिना उतरताना करायची तो धडधडाट थांबला तर या घरात आपल्याला जेवणही जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कुणाकडे काही मागणं त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. योलांडा अठराची असताना याच स्वयंपाकघरात त्या तिला म्हणाल्या होत्या, राहा. योलांडाने ऐकून घेतलं, गालाचा पापा घेतला आणि निघून गेली. त्या दिवसापासून मिस आर्डेलियांनी कुणाकडे काही मागितलं नाही. मागितलंच नाही की समोरच्याचं 'नाही' ऐकायची वेळच येत नाही, हे गणित त्यांना सोपं वाटलं. त्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, गणिताच्या नव्हे.

"स्पर्धेत भाग तरी घे," त्या एकदा म्हणाल्या.

"नको. घरात रोज परीक्षा चालते, ती पुरे," झारियाने सांगितलं आणि ताट उचलून ती उठली. त्यामुळे तो विषयही मिटला.

निकाल ठरवायला तिघं परीक्षक जमतात ते डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, लेम्युएल स्पिअर्स यांच्या अंत्यविधीगृहात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण दुसरी सोय नाही. माउंट पिस्गात बसलं तर बेथेल चर्चची माणसं तोंड वाकडं करतात, बेथेलमध्ये बसलं तर आमची. डीकनच्या गारेगार दिवाणखान्यात मात्र दोन्ही चर्चची माणसं शेवटी येतातच, तेव्हा तटस्थ जागा तीच. डीकन स्वतः सुस्वभावी. धंदाच असा की कुणाशी वाकडं घेऊन चालत नाही. त्यांच्या अंत्यविधीगृहाची जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे पंखे दोन्ही चर्चमध्ये हलतात. आणि तिसऱ्या परीक्षक बेथेलच्या मिस विल्हेल्मिना क्रचर. त्यांच्या टोप्या एवढ्या रुंद असतात की मागच्या दोन रांगांनी प्रवचन नुसतं ऐकायचं, पाहण्याची आशा सोडायची. मिस आर्डेलियांची आणि त्यांची शाळेपासून स्पर्धा. कशात, असं विचाराल तर यादी देण्यापेक्षा ती कशात नाही हे शोधणं सोपं.

यंदाचा विषय डीकननी सुचवला होता: पार्थेनिया गूड आज आपल्या गावात आल्या तर. बहुतेक मुलांनी बाईंना बसमधून उतरवलं, पाटीपुढे उभं केलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि समाधानाने परत स्वर्गात पाठवलं. दरवर्षी मिस आर्डेलिया अशालाच बक्षीस देतात हे मुलांना माहीत. एका पठ्ठ्याने बाईंना बर्गर खाऊ घातला होता, तेवढाच काय तो बदल.

मग नऊ नंबर निघाला.

नऊ नंबरच्या लेखात पार्थेनियाबाई गावात येतात, आपल्या नावाची स्पर्धा आहे असं ऐकतात, आणि हौसेने नाव बदलून स्वतःच भाग घेतात. ताजी कविता लिहितात. परीक्षक असते एक टोपीवाली म्हातारी, तोंडात पेपरमिंटची गोळी, हातात पंखा. ती कविता वाचते आणि सांगते, "बरं लिहितेस, पण पार्थेनिया गूडबद्दल तुला पुरेसा आदर नाही. आधी त्यांना वाच." आणि पार्थेनियाबाईंना तिसरं बक्षीस देते. वर त्यांची राहायची सोय नाही म्हणून आपल्या घरी नेते, आणि रात्रीच्या जेवणाआधी बाईंनी केलेली प्रार्थना मध्येच थांबवून दुरुस्त करते.

मिस आर्डेलिया एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. हसत होत्या त्या मनात, पण खांदे हलत होते. 'टोपी! हुबेहूब विल्हेल्मिना,' त्यांना वाटलं. 'बिचारीला कळलंही नसेल.' त्यांनी कागदावरून हळूच पलीकडे पाहिलं तर मिस विल्हेल्मिनाही पंख्याआड तोंड लपवून हलत होत्या आणि पंख्यावरून इकडेच बघत होत्या. दोघींची नजर भेटली. दोघींनीही एकमेकींकडे अपार दयेने पाहिलं.

"पहिला नंबर," मिस आर्डेलिया म्हणाल्या.

"माझ्या अगदी मनातलं बोललीस," मिस विल्हेल्मिना म्हणाल्या. असं वाक्य या दिवाणखान्यात पूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. डीकननी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून उगीच कपाळ पुसलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण माणसं स्वतःहून कळेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

"शेवटचा परिच्छेद तेवढा काढावा लागेल," मिस आर्डेलिया म्हणाल्या.

शेवटच्या परिच्छेदात पार्थेनियाबाई सकाळी बॅग घेऊन बस-थांब्यावर जाऊन उभ्या राहतात. म्हातारी खिडकीत पडद्यामागे उभी असते. बाई एक बस सोडून देतात, मग दुसरी. त्या रागावलेल्या नसतात, तिसऱ्या बक्षिसाचंही त्यांना काही वाटत नसतं. या म्हातारीच्या घरात त्यांना बरं वाटलेलं असतं, रात्री त्या झोपल्या असं समजून तिने अंगावर पांघरूण घातलेलं त्यांना आठवत असतं. म्हातारीने दार उघडून एकदा राहा म्हणावं, एवढंच त्यांना हवं असतं. ते वाक्य चुकीचं असतं तरी त्यांना चाललं असतं.

"का काढायचा?" डीकननी विचारलं. "मला तर तोच भाग आवडला."

"भावुक आहे. गोष्ट आधीच संपली आहे," मिस आर्डेलिया म्हणाल्या. खरं कारण त्यांना बोलायचं नव्हतं. इतकी छान टवाळी केल्यावर त्या विल्हेल्मिनाला शेवटी असं प्रेमळ करून ठेवायचं म्हणजे अति झालं. आणि विल्हेल्मिना कुणाला हाक न मारता खिडकीत गप्प उभी राहील, हे तरी कुणाला पटावं? ती रस्त्यावरच्या कुत्र्याला हाक मारून शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगते.

"मलाही तो भाग खोटा वाटला," मिस विल्हेल्मिना म्हणाल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते तुम्हीच ताडा. "त्या बाईला एवढं काळीज असेल असं वाटत नाही."

"अगदी," मिस आर्डेलिया म्हणाल्या.

"माझा विरोध होता, हे लक्षात असू द्या," डीकन म्हणाले आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. लाल रेघ ओढली गेली. डीकनच्या कचेरीतल्या मुलीने त्या परिच्छेदाशिवाय स्वच्छ प्रत छापून पाकिटात घातली.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, माउंट पिस्गाच्या तळघरातल्या सभागृहात. बेथेलची माणसं डावीकडे बसली, आमची उजवीकडे, आणि तळलेल्या चिकनची टेबलं मागे. सगळ्यांचं अर्धं लक्ष मागेच होतं. पाद्रीबुवांनी छोटी प्रार्थना केली, एका भुवईच्या धाकाने आणखी छोटी केली. तिसरा नंबर आला तो बर्गरवाला पठ्ठ्या. दुसरा आला बेथेलचा. मग डीकननी जाहीर केलं, "पहिला क्रमांक, नऊ नंबर." आणि खुर्च्यांच्या मधल्या ओळीतून झारिया उठली.

मिस आर्डेलियांना क्षणभर वाटलं, पोर चुकून उठली. मग त्यांची छाती फुलली. मग त्यांना प्रश्न पडला की या पोरीला विल्हेल्मिनाबद्दल एवढी बारीकसारीक माहिती कुठून? बेथेलमध्ये तर ती कधी जातही नाही. त्यांनी विल्हेल्मिनाकडे पाहिलं. ती निवांत बसून हसत होती, आता मजा येणार अशी.

झारियाने पाकीट उघडलं, प्रत काढली आणि वाचायला लागली. पहिली दोन वाक्यं साधी गेली. मग टोपीवाली म्हातारी आली आणि झारियाने आवाज बदलला.

कागदाला आवाज नसतो, इथेच सगळा घोटाळा झाला होता. झारियाने हनुवटी थोडी वर केली, डावी भुवई उचलली, जिभेने गोळी गालात सरकवली आणि म्हणाली, "बरं लिहितेस, बाळा, पण." त्या 'पण'नंतर ती जेवढी थांबली, तेवढं अख्ख्या काउंटीत एकच माणूस थांबतं. सभागृहात पंखे थांबले. उजवीकडच्या रांगांतून "हंऽऽ" असा एक लांब हुंकार निघाला आणि माणसांनी माना वळवल्या. बेथेलकडच्यांनीसुद्धा वळवल्या. कुणीही विल्हेल्मिनाकडे बघत नव्हतं.

मिस आर्डेलियांनी तोंडातली पेपरमिंटची गोळी गिळली.

प्रार्थना दुरुस्त करण्याचा भाग आला तेव्हा पाद्रीबुवा इतके हसले की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला, आणि त्यांच्या हसण्यात बऱ्याच वर्षांचं साठलेलं होतं. गायनवृंदातल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मिस विल्हेल्मिनांना तर आनंदाने उचकी लागली. "आर्डेलिया," त्या मधल्या वाटेवरून पुढे झुकून पंख्याआडून कुजबुजल्या, "मला वाटलं, तुला केव्हाच कळलंय."

"मला वाटलं ती तू आहेस," मिस आर्डेलिया दात आवळून म्हणाल्या.

"मी?" विल्हेल्मिनांची उचकी थांबली. "मी काय केलंय?"

मिस आर्डेलियांना राग यायला हवा होता. तो येतच होता, कानापर्यंत आलाही होता, पण मग त्यांचं लक्ष झारियाकडे गेलं. पोर नुसती टवाळी करत नव्हती. तिला आजीचा एकेक झटका पाठ होता, आणि इतक्या दिवसांत कुणाकडे इतकं निरखून पाहायचं तर तो माणूस आवडावाच लागतो. हे मिस आर्डेलियांना शिक्षिका म्हणून कळलं. आजी म्हणून कळायला अजून अर्धं पान होतं.

झारियाने पान उलटलं. ओठ पुढे वाचायला तयार होते. तिने पान परत फिरवलं, मागची बाजू पाहिली, पाकिटात बोट घालून पाहिलं.

"इथे अजून एक परिच्छेद होता," ती म्हणाली. आता तिचा आवाज तिचा स्वतःचा होता आणि फार लहान झाला होता. "कापलाय वाटतं."

लोकांना वाटलं संपलं. टाळ्या पडल्या, मागे कुणी चिकनवरचं झाकण उघडलं. झारिया कागदाची घडी करत होती, करून झालेली घडी परत करत होती. ती कुणाकडे बघत नव्हती.

मिस आर्डेलियांना बस-थांबा आठवला. दोन बस सोडलेल्या आठवल्या. त्या परिच्छेदावर आपण फिरवलेली जाड लाल रेघ आठवली. पोरीला समोर बसून बोलता आलं नाही, म्हणून तिने शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या तोंडून विचारलं होतं. आणि आपण काय केलं, तर विल्हेल्मिनाला चांगलं म्हटलंय म्हणून तिचा प्रश्नच खोडून टाकला.

त्या उठल्या. टाळ्या लगेच थांबल्या. मिस आर्डेलिया उभ्या राहिल्या की आमच्याकडे लोक आपोआप पाय जवळ घेतात. आता पोरीचं काही खरं नाही, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल.

"या स्पर्धेचा नियम आहे," त्या म्हणाल्या, "की विजेत्याने परीक्षकांनी दुरुस्त केलेली प्रत वाचायची. तो नियम माझा. परीक्षकाकडून चूक झाली तर काय, याचा नियम मी केला नव्हता. तशी वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं."

"आम्हालाही नाही वाटलं," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"माझा विरोध होता," डीकन म्हणाले.

"तुमचा विरोध होता, डीकन. आता बसा." त्या झारियाकडे वळल्या. "शेवटचा भाग वाच."

"तो माझ्याकडे नाहीये, मॅम. तुमचीच प्रत आहे ही."

हे 'तुमची' मिस आर्डेलियांना फार लागलं. घरी ती तू म्हणायची. त्या खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग, पाठ असलेली कविता म्हणावी तशा, सांगू लागल्या. "पार्थेनियाबाई बॅग घेऊन बस-थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारी पडद्यामागे होती. बाईंनी एक बस सोडली. मग दुसरी सोडली." इथपर्यंत बरोबर आलं. "त्या काही रागावल्या नव्हत्या. म्हातारीने दार उघडून..."

पुढे त्यांना येईना. अख्ख्या गावासमोर, पार्थेनियाबाईंच्या पाचव्या ओळीलाही न अडखळणाऱ्या मिस आर्डेलिया टिस्डेल अडल्या. मग बेथेलकडून, रुंद टोपीखालून, विल्हेल्मिनांचा आवाज आला. टवाळी त्यात अजिबात नव्हती. "सावकाश, आर्डेलिया. वेळ घे."

"झारिया," मिस आर्डेलिया म्हणाल्या, "जाऊ नकोस. मला तू हवी आहेस. मी महिनाभर तुझ्याशी कोटाबद्दल बोलतेय, मला कोटाचं काही पडलेलं नाही. तू गेलीस तर मला ते घर खायला उठेल. तुझी आई आहे, तिचा हक्क आहे, तुला जायचं असेल तर मी स्वतः बसवर बसवून देईन. पण मी विचारलंच नाही असं व्हायला नको. राहा."

झारियाच्या हनुवटीचं काय चाललं होतं ते मागच्या रांगेपर्यंत दिसत होतं.

"हे माझ्या लेखात नव्हतं," ती कशीबशी म्हणाली.

"दुरुस्ती आहे," मिस आर्डेलिया म्हणाल्या.

झारिया हसली आणि त्याच वेळी रडायला लागली, आणि व्यासपीठाच्या पायरीवर मटकन बसली, कागद तोंडापुढे धरून. मिस आर्डेलिया खुर्च्यांमधून वाट काढत तिच्याजवळ गेल्या आणि चर्चच्या कपड्यांत, स्वच्छ मोज्यांत, तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांना असं खाली बसलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. पाद्रीबुवांनी फार शहाणपणा केला आणि सगळ्यांना जेवायला वळवलं.

"मला वाटलं, तुला घर रिकामं हवंय," झारिया कागदाआडून म्हणाली.

"मला वाटलं, तुला जायचंय."

"आजी, मी आईला अजून काहीच सांगितलं नाहीये. महिनाभर तिचे फोन टाळतेय. तू काहीतरी म्हणशील म्हणून."

मिस आर्डेलियांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला, तिचे डोळे आपल्या हाताने पुसले आणि पर्समधला फोन तिच्यासमोर धरला. "आताच लाव," त्या म्हणाल्या. "तिला सांग, सुट्टीत तिकडे जातेस, आणि मग इकडे घरी परत येतेस."

झारियाने फोन घेतला. पलीकडे योलांडाने उचलला तसं तिने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आई, आजीने विचारलं."